पहिल्या पायदानाचा हिशोब

१९५२ साली ऑल इंडिया रेडिओवर एक नियम आला. सिनेमाचं गाणं लावलं तर गायकाचं नाव सांगायचं, सिनेमाचं सांगायचं नाही. सिनेमाचं नाव घेतलं की ती त्या सिनेमाची जाहिरात होते, आणि सरकारी रेडिओनं कुणाची फुकट जाहिरात का करावी, असा त्यामागचा सवाल होता. जोडीला आणखी एक निर्णय झाला. एकूण प्रसारणात सिनेसंगीताचा वाटा दहा टक्क्यांवर आणायचा आणि तेवढी गाणीही तपासून, गाळून घ्यायची.

हे करणारे मंत्री होते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. पुण्यात जन्मलेले, काशी विद्यापीठात शिकलेले, पॅरिसहून डॉक्टरेट घेऊन आलेले. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं माहिती आणि नभोवाणी खातं त्यांच्याकडे होतं. आज त्यांचं नाव निघतं ते बहुतेक चेष्टेतच. ‘रेडिओवर फिल्मी गाण्यांना बंदी घालणारा मंत्री’ एवढीच त्यांची ओळख उरली आहे.

बंदीची ही गोष्ट अर्धीच खरी आहे. केसकरांनी कोटा लावला आणि सिनेमाचं नाव काढून टाकलं. त्यावर चिडून निर्मात्यांच्या संघटनेनं गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. सिनेमाचं नाव घेणार नसाल तर गाणंही वाजवू नका, असा तो रोखठोक व्यवहार होता. पुढच्या काही महिन्यांत सिनेसंगीत सरकारी रेडिओवरून जवळजवळ नाहीसं झालं. म्हणजे त्या शांततेवर दोघांच्या सह्या होत्या, मंत्र्याची आणि धंद्याची.

रेडिओवर कुठलं गाणं वाजतं हे कोण ठरवतं, या प्रश्नाचा आपल्याकडचा इतिहास इथून वाचायला घेतला तर बराच उलगडतो. त्या गोष्टीत टूथपेस्ट आहे, महायुद्धातला ट्रान्समीटर आहे, अमेरिकेतली लाचखोरी आहे, एफएमचे लिलाव आहेत, आणि शेवटी तुमच्या हातातला फोनही आहे.

गाणं कशाची जाहिरात होतं?

केसकरांचा सवाल आज हास्यास्पद वाटतो, पण तो तसा नव्हता. त्या काळात रेकॉर्ड विकत घेऊन गाणं ऐकणारी माणसं फार थोडी. ग्रामोफोन ही सुखवस्तू घरातली चीज. रेकॉर्डच्या बाजारात एचएमव्हीचं जवळजवळ एकहाती राज्य. ७८ आरपीएमची ती लाखेची तबकडी, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं एक गाणं, आणि हातातून निसटली की तुकडे. बाकीच्यांनी गाणं ऐकायचं ते थिएटरात, लग्नाच्या मांडवातल्या लाउडस्पीकरवर, किंवा इराण्याच्या हॉटेलातल्या रेडिओवर.

त्यामुळे निर्मात्याच्या दृष्टीनं गाण्याचं मुख्य काम तिकिटं खपवणं हे होतं. गाणं आधी लोकांच्या ओठांवर यायचं, मग सिनेमा लागायचा. रेडिओ हे त्या कामाचं सर्वांत मोठं साधन होतं, आणि ते चालत होतं परवाना शुल्कावर व करावर. रेडिओ घरात ठेवायचा तर दरवर्षी पोस्टात पैसे भरून परवाना नवा करावा लागे. म्हणजे श्रोता रेडिओला पैसे देणार आणि त्याच रेडिओवरून सिनेमावाले त्याला आपला माल फुकटात दाखवणार. यात काहीतरी खटकण्यासारखं आहे हे केसकरांनी ओळखलं. रोगाचं निदान बरोबर होतं.

औषध मात्र चुकलं. बाजाराचा कान काढून त्यांनी तिथे स्वतःचा कान बसवला. शास्त्रीय संगीत हेच देशाचं खरं संगीत आणि ते लोकांच्या कानी पडलंच पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. या धारणेतून चांगल्या गोष्टीही झाल्या. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला, रेडिओ संगीत संमेलन १९५४ मध्ये. संस्थानं विलीन झाल्यावर राजाश्रय गेलेल्या कितीतरी गवयांना रेडिओनं पोटापाण्याचा आधार दिला. पण श्रोत्यानं काय ऐकावं हे दिल्लीत बसून ठरवताना एक साधी गोष्ट राहून गेली. रेडिओच्या डबीला काटा असतो, आणि तो फिरवता येतो.

कोलंबोहून मुंबईला

दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातल्या दोस्त सैन्यासाठी सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, एक दणकट शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर बसवला होता. सैनिकांना बातम्या आणि करमणूक पुरवायची एवढंच त्याचं काम. युद्ध संपलं, सैन्य गेलं, यंत्र राहिलं. स्वतंत्र सिलोननं त्याचा वापर करून ३० सप्टेंबर १९५० रोजी रेडिओ सिलोनची व्यापारी सेवा सुरू केली. ती उभारायला क्लिफर्ड डॉड नावाचा ऑस्ट्रेलियन माणूस कोलंबो योजनेखाली आला होता. ट्रान्समीटरची ताकद इतकी की अख्खा भारतीय उपखंड त्याच्या टप्प्यात.

सिलोनची लोकसंख्या लहान, बाजार लहान. समोर मात्र कोट्यवधी श्रोत्यांचा देश, जिथल्या सरकारी रेडिओवर जाहिरात चालत नाही आणि आता सिनेमाची गाणीही बंद झालेली. धंद्याला याहून मोकळं मैदान कुठे मिळणार? मुंबईत रेडिओ ॲडव्हर्टायझिंग सर्व्हिसेस ही संस्था कार्यक्रम तयार करून कोलंबोला पाठवू लागली. तिथे हमीद सयानी हे निर्माते होते. त्यांचा विशीतला धाकटा भाऊ म्हणजे अमीन सयानी.

सीबा ही स्विस कंपनी. तिला बिनाका टूथपेस्ट विकायची होती. इंग्रजी गाण्यांचा एक कार्यक्रम चालला होता, तसाच हिंदीत करून बघू असं ठरलं. काम जास्त, पैसे कमी, म्हणून ते नवख्या अमीनच्या गळ्यात पडलं. आठवड्याला पंचवीस रुपये. ३ डिसेंबर १९५२, बुधवार, रात्री आठ वाजता ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पहिल्या कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. पुढे हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला.

या कार्यक्रमाचा भूगोल बघण्यासारखा आहे. गाणी मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली. निवेदन मुंबईत ध्वनिमुद्रित झालेलं. जाहिरातीचे पैसे मुंबईत ठरलेले. श्रोते मुंबईत, पुण्यात, नागपुरात, पाटण्यात, झुमरी तलैयात. तरी टेप विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून शॉर्टवेव्हच्या खरखरीतून पुन्हा मुंबईत उतरायची. दिल्लीतल्या एका नियमानं हा सगळा वळसा घडवला होता. दहांपैकी नऊ घरांतले रेडिओ सिलोनवर लावलेले असतात आणि दहावा बिघडलेला असतो, असं तेव्हा गमतीनं म्हटलं जाई.

पायदान कसं ठरायचं?

सुरुवातीला गीतमालेत क्रमवारी नव्हती. सात गाणी वाजवायची, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा, बरोबर येईल त्याला बक्षीस. पत्रांचा ढीग आवरेना, म्हणून १९५४ पासून खरीखुरी क्रमवारी सुरू झाली. कोणतं गाणं कितव्या ‘पायदाना’वर, कोणतं चढलं, कोणतं घसरलं. ठरावीक आठवडे टिकलेलं गाणं ‘सरताज गीत’ ठरायचं आणि बिगूल वाजवून त्याला निरोप दिला जायचा. बुधवारी रात्री आठला दुकानांपुढे घोळके उभे राहायचे.

पण पायदान कोण ठरवायचं? आधार होता तो मुख्यतः दोन गोष्टींचा. पहिली, रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री. यात एक उघड अडचण होती. एखाद्या गाण्याच्या तबकड्या संपल्या आणि नवा माल आला नाही की विक्री थांबते, लोकप्रियता थांबत नाही. शिवाय तबकडी घेणारे लोकच मूठभर, त्यामुळे मूठभरांच्या खिशावरून सगळ्या देशाची आवड मोजली जायची. म्हणून दुसरी गोष्ट आली: गावोगावचे श्रोता संघ. रेडिओच्या भक्तांनी काढलेल्या या मंडळांकडून पसंतीच्या याद्या यायच्या. दुकानं आणि संघ, दोन्हींची बेरीज करून क्रम लागायचा.

दोन्ही मोजपट्ट्यांना भोकं होती. स्वतःच्याच रेकॉर्डी विकत घेता येतात. चार टाळकी जमवून मंडळ काढता येतं. पायदान चढल्यानं ज्याचा फायदा होतो तो माणूस मोजपट्टीपर्यंत पोचायला बघणार, हे कुठल्याही काळात खरं आहे. तरीही गीतमालेवर लोकांचा विश्वास राहिला. त्यामागे अमीन सयानींची सचोटी आणि त्यांचा आपुलकीचा आवाज होताच, पण पैशाची रचनाही होती. सीबा कंपनीला टूथपेस्ट विकायची होती. पहिल्या पायदानावर शंकर-जयकिशन आले काय, सी. रामचंद्र आले काय, कंपनीला सारखंच. तिला हवे होते भरपूर कान, दर बुधवारी, न चुकता. श्रोत्याचा विश्वास उडाला असता तर नुकसान तिचंच होतं. त्यामुळे पैसे देणाऱ्याचा फायदा आणि यादीचा खरेपणा या दोन गोष्टी इथे निदान एकमेकींच्या आड येत नव्हत्या.

याचाही एक तोटा होता. ज्या पैशाला फक्त गर्दी हवी असते तो गर्दी जमवणाऱ्या गाण्यांकडेच जातो. गीतमाला ही हिंदी सिनेमाच्या गाण्यांची माळ होती. मराठी भावगीताला, गझलेला, कव्वालीच्या मैफिलीला तिथे पायदान असण्याचं कारणच नव्हतं. लोकप्रिय असेल ते वाजणार आणि वाजेल ते आणखी लोकप्रिय होणार, असं हे चक्र होतं.

त्याच वर्षांत अमेरिकेत

याच दशकात अमेरिकेत रेडिओची वेगळीच गोष्ट चालू होती. ती इथे सांगायला हवी, कारण तिथे पैशाला काहीतरी निराळं हवं होतं.

अमेरिकेत रेकॉर्ड हाच मुख्य माल होता. ४५ आरपीएमची स्वस्त तबकडी शाळकरी पोरंही विकत घेत. ती खपायची तर रेडिओवर वाजली पाहिजे, आणि कुठली वाजवायची हे डिस्क जॉकीच्या हातात. मग रेकॉर्ड कंपन्यांचे लोक जॉकीला पाकिटं देऊ लागले. कुणाला ‘सल्लागार’ म्हणून मानधन, कुणाला सहल, कुणाला थेट गाण्याच्या श्रेयात वाटा. या प्रकाराला नाव पडलं ‘पेओला’.

ॲलन फ्रीड हा त्या काळातला सर्वांत गाजलेला जॉकी. ‘रॉक अँड रोल’ हा शब्द घरोघरी नेण्याचं श्रेय त्याला दिलं जातं. गोऱ्या श्रोत्यांना त्यानं कृष्णवर्णीय कलावंतांच्या मूळ रेकॉर्डी ऐकवल्या. चक बेरीच्या १९५५ मधल्या पहिल्याच गाजलेल्या गाण्यावर सहलेखक म्हणून फ्रीडचं नाव लागलं. नाव लागलं की मानधनात वाटा, आणि वाटा असला की गाणं वारंवार वाजवण्यात स्वतःचाच फायदा. बेरीच्या त्या गाण्यावरून फ्रीडचं नाव पुढे १९८६ मध्ये निघालं.

१९५९-६० मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीसमोर सुनावण्या झाल्या. लाच घेतली नाही असं लिहून द्यायला फ्रीडनं नकार दिला आणि त्याची नोकरी गेली. १९६२ मध्ये त्यानं गुन्हा कबूल केला. दंड झाला फक्त तीनशे डॉलर, पण कारकीर्द संपली. १९६५ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तो गेला. त्याच सुनावणीत टीव्हीवरचा लाडका सूत्रसंचालक डिक क्लार्कही उभा होता. संगीताच्या कितीतरी कंपन्यांत त्याची भागीदारी होती. वाहिनीच्या सांगण्यावरून त्यानं ती विकून टाकली, समितीपुढे नीटनेटकं बोलला आणि पुढे अनेक दशकं पडद्यावर राहिला.

१९६० मध्ये कायदा झाला. पैसे घेऊन गाणं वाजवलं आणि श्रोत्याला ते सांगितलं नाही, तर गुन्हा. यातला बारकावा महत्त्वाचा आहे. पैसे घेणं हा गुन्हा ठरला नाही, लपवणं हा ठरला. ‘हे गाणं अमुक कंपनीनं पैसे देऊन लावलं आहे’ असं सांगितलं तर कायद्याची हरकत नाही. पण असं सांगून गाणं लावलं तर त्याची जादूच जाते. म्हणून कुणी सांगत नाही.

पेओलाला दुसरी बाजूही होती. मोठ्या कंपन्यांना रेडिओची दारं आधीपासून उघडी होती. कृष्णवर्णीय गायकांच्या रेकॉर्डी काढणाऱ्या चिमुकल्या कंपन्यांना ती दारं ठोठावायला पाकीट हाच एक मार्ग उरला होता. त्यामुळे पेओलाविरुद्धच्या आरडाओरड्यात नीतीचा भाग किती आणि रॉक अँड रोलचा राग किती, हे वेगळं काढणं कठीण आहे.

कायद्यानं रोग बरा झाला नाही, त्याची वाट बदलली. कंपन्या आणि रेडिओ केंद्रं यांच्यामध्ये ‘स्वतंत्र प्रचारक’ नावाचे मध्यस्थ आले. १९९६ मध्ये एका कंपनीनं देशभरात किती केंद्रं घ्यावीत यावरची मर्यादा उठली, आणि काही वर्षांत क्लिअर चॅनल या एका कंपनीकडे सुमारे बाराशे केंद्रं जमली. आता शंभर जॉकींना पटवण्याची गरज उरली नाही, एका कार्यालयातली यादी पुरे होती. २००५ मध्ये सोनी-बीएमजीनं न्यूयॉर्क राज्याशी तडजोड करताना एक कोटी डॉलर भरले. प्रकरण पन्नास वर्षांपूर्वीचंच होतं: सहली, भेटवस्तू, आणि त्या बदल्यात गाणी.

सीबा आणि पेओला यांतला फरक इथे दिसतो. एका पैशाला गर्दी हवी असते, दुसऱ्याला अमुक एक गाणं वाजायला हवं असतं. पहिला आवडीला सरासरीकडे ढकलतो, दुसरा आवडच खोटी पाडतो.

पैसे न देणाऱ्याचं गाणं

भारतात परत येऊ. सिलोननं श्रोते पळवल्यावर सरकारला जाग आली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी कवी नरेंद्र शर्मा यांच्या पुढाकारानं विविध भारती सुरू झाली आणि सिनेसंगीत सरकारी रेडिओवर परतलं. केसकर तेव्हाही मंत्री होते. पुढे चंदा समितीनं आकाशवाणीवर जाहिराती घेण्याची शिफारस केली. भारतीय कंपन्यांचा पैसा असाही कोलंबोला जातोच आहे, तो घरात का ठेवू नये, हा हिशोब होता. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर पहिल्यांदा जाहिराती लागल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवर. म्हणजे सरकारी रेडिओनं धंद्याला दार उघडलं ते महाराष्ट्रातून. १९७० पासून प्रायोजित कार्यक्रमही आले. पंधरा वर्षांपूर्वी सिनेमाचं नाव घ्यायलाही तयार नसलेला रेडिओ आता सिनेमाच्या जाहिरातींचे पैसे घेऊ लागला.

पण या मधल्या काळात पुण्यात जे घडलं ते या हिशोबात मांडायलाच हवं. १ एप्रिल १९५५, रामनवमी. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. केंद्रावरचे सीताकांत लाड यांनी आपले मित्र ग. दि. माडगूळकर यांच्याकडे वर्षभर चालेल अशी मालिका मागितली होती. दर आठवड्याला एक नवं गीत गदिमांनी लिहायचं आणि सुधीर फडके यांनी स्वरबद्ध करायचं. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून गीतं छप्पन झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशा आवाजांनी ती गायली.

या मालिकेला प्रायोजक नव्हता. तिच्यामागे सिनेमा नव्हता, म्हणून तिकिटं खपवायची नव्हती. रेकॉर्ड कंपनीचा माल नव्हता. आज एखाद्या जाहिरातदारापुढे हा प्रस्ताव ठेवून बघा: छप्पन आठवडे, एकच कथा, सगळ्या नव्या चाली, एकही गाणं आधी गाजलेलं नाही, आणि पुढच्या आठवड्याचं गाणं कवीनं अजून लिहिलेलंही नाही. कोण पैसे लावेल? गीतरामायण लोकप्रिय झालं, प्रचंड झालं. पण ते लोकप्रिय होईल असं आधी सिद्ध करायला कुणी सांगितलं नाही, म्हणूनच ते होऊ शकलं.

याचा अर्थ सरकारी रेडिओ थोर होता असा नाही. तिथली नोकरशाही, ऑडिशनचे रुसवेफुगवे, रटाळ कार्यक्रम यांच्या कथा कमी नाहीत. आणि त्याच नोकरशाहीनं सिनेसंगीताची पाच वर्षं कोंडी केली होती. पण नफ्याचा हिशोब न मागणारा पैसा कधीकधी अशी जागा तयार करतो जिथे अजून आवडलेलं नाही असं काहीतरी करून बघता येतं. ‘भावसरगम’सारख्या आकाशवाणीच्या कार्यक्रमांतून मराठी भावगीत वाढलं ते अशाच जागेत.

लिलावातली लहर

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. यानंतर सरकारनं ही सार्वजनिक मालमत्ता लिलावात काढली. एफएमच्या पहिल्या फेरीत चाळीस शहरांतल्या १०८ लहरी बोलीला होत्या. बोली अवाच्या सवा गेली. मुंबईतल्या एका लहरीचं वार्षिक परवाना शुल्क पावणेदहा कोटी रुपयांवर पोचलं, आणि अट अशी की ते दरवर्षी पंधरा टक्क्यांनी वाढणार. म्हणजे दहाव्या वर्षी सुमारे साडेतीनपट. कितीतरी जणांनी बोली जिंकूनही केंद्र काढलं नाही. १०८ पैकी जेमतेम विसेक केंद्रं सुरू झाली. पहिलं, जुलै २००१ मध्ये, बंगळुरूचं रेडिओ सिटी. २००५ मध्ये धोरण बदलून सरकारनं ठरावीक शुल्काऐवजी उत्पन्नातला चार टक्के वाटा घ्यायला सुरुवात केली, तेव्हा या धंद्यानं श्वास घेतला.

आता या आकड्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुम्ही मुंबईत केंद्र काढलंय. स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही. दरवर्षी कोट्यवधी रुपये सरकारला द्यायचेत, गाण्यांच्या मालकांना वेगळे. ते येणार कुठून? मोबाइल, गाड्या, फ्लॅट विकणाऱ्यांच्या जाहिरातींतून. त्यांना हवाय खरेदी करणारा श्रोता, आणि त्यानं काटा फिरवता कामा नये. मग तुम्ही काय वाजवाल? गेल्या दोन महिन्यांत गाजलेली हिंदी गाणी, तीच, दिवसातून पुन्हा पुन्हा. पाच केंद्रं असली तरी पाचही जण तेच वाजवतील, कारण पाचही जणांचं गणित एकच आहे.

महाराष्ट्राच्या राजधानीतल्या खासगी एफएमवर मराठी गाणी का वाजत नाहीत, हा प्रश्न या काळात पुन्हा पुन्हा उठला. कलावंतांनी विचारला, राजकीय पक्षांनी विचारला. कधी अस्मितेच्या भाषेत, कधी धमकीच्या. पण मराठीचा कुणी द्वेष करावा याची त्या यादीला गरजच नव्हती. लहरीची किंमत पुरेशी चढवली की जाहिरातदाराच्या हिशोबात न बसणारं सगळं आपोआप गळतं: मराठी गाणं, लोकसंगीत, सिनेमाबाहेरचं काहीही. आणि किंमत चढवणारं सरकारच होतं. १९५२ मध्ये त्यानं गाणी गाळली रुचीच्या नावाखाली, २००० नंतर महसुलाच्या.

फोनमधला जॉकी

हे वाचताना तुमच्या कानात कदाचित गाणं चालू असेल आणि ते तुम्ही निवडलेलं नसेल. एक संपलं, ॲपनं दुसरं लावलं. हा नवा जॉकी, आणि त्याला पाकीट देता येत नाही असं वाटतं, कारण तो माणूसच नाही.

पण २०२० मध्ये स्पॉटिफायनं ‘डिस्कव्हरी मोड’ नावाची सोय आणली. कलावंत किंवा कंपनी ठरावीक गाण्यांवर कमी मानधन घ्यायला तयार झाली, तर ॲप स्वतःहून लावत असलेल्या गाण्यांच्या रांगेत ती गाणी पुढे येण्याची शक्यता वाढते. रोख रक्कम कुणी कुणाला देत नाही. फक्त मानधन थोडं कमी होतं. फ्रीडनं चक बेरीच्या गाण्यात वाटा घेतला तो याच जातीचा व्यवहार होता. एवढाच फरक की आता तो करारात लिहिलेला असतो. रील्सवर एखादी चाल अचानक सगळीकडे का वाजू लागते, यामागेही प्रचाराचे पैसे असू शकतात, आणि ती चाल ऐकताना ते कळायला आपल्याकडे सहसा मार्ग नसतो.

म्हणून केसकरांचा तो जुना सवाल नव्यानं विचारायला हरकत नाही. हे गाणं कशाची जाहिरात आहे? उत्तर ‘कशाचीच नाही’ असं क्वचितच येईल, आणि तशी अपेक्षाही नको. पैशाशिवाय रेडिओ चालला नाही, ॲपही चालणार नाही. विचारायचं ते एवढंच की पैसे कोण देतंय, त्याला काय हवंय, आणि ते मला सांगितलंय का. गर्दी हवी असेल तर मला सरासरी मिळणार. अमुक गाणं पुढे ढकलायचं असेल तर माझी आवड कुणीतरी आधीच खरेदी केलेली आहे. आणि यातलं काहीच नको असलेला पैसा आज कुठे उरला आहे का, जिथे कुणी गदिमांना सांगेल की वर्षभर लिहा, चालेल की नाही ते नंतर बघू?

अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी गेले. त्यांच्यावर तेव्हा खूप लिहिलं गेलं, आवाजावर, ‘बहनों और भाइयों’वर. एका गोष्टीची मात्र कुणी फारशी दखल घेतली नाही. दर बुधवारी रात्री आठ वाजता पहिलं गाणं वाजण्याआधीच श्रोत्याला कळलेलं असायचं की याचं बिल कोण भरतंय. ते नाव कार्यक्रमाच्या नावातच होतं. बिनाका.